झोळीशेजारची जागा

कातळदांडा, रेवदंड्याजवळ
ता. २६ जून १९२७

तीर्थस्वरूप वन्संना गोदूचा नमस्कार. विनंती विशेष.

मी सुखरूप पोचले. पावसाआधीच्या शेवटच्या मचव्यात पोटातलं सगळं दर्याला वाहिलं, पण किनाऱ्यावर पाय टेकले आणि तरतरी आली. शाळा म्हणजे एक कौलारू खोली, पुढे पडवी, मागे माझी कोठडी आणि मग नुसती वाळू. वास येतो, पण आपण कायस्थ, मासळीला नाक मुरडून कसं चालेल?

आता खरी बातमी. पटावरच्या सगळ्या मुली हजर! एकूण एक! पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आम्हांला बजावलं होतं, की कोळीवाड्यात मुली मिळणार नाहीत, दारोदार फिरावं लागेल. इथे पोरी माझ्याआधी येऊन पायरीवर बसलेल्या असतात. तुळशी नावाची एक आठ वर्षांची आहे, तिनं आठवड्यात बाराखडी अर्ध्यापर्यंत नेली. वन्सं, हे सगळं तुमच्यामुळे. हे गेल्यावर सगळं घर नको म्हणत असताना तुम्हीच मला पुण्याला धाडलंत आणि दोन वर्षांची कोकिळा स्वतःच्या कडेवर घेतलीत. हे मी विसरणार नाही.

कोकिळा कशी आहे? आता नोकरी लागली, बिऱ्हाड झालं. ठरल्याप्रमाणे दिवाळीनंतर तिला इकडे आणीन म्हणते. माझी आठवण काढते का?

आपली
गोदू

---

तळा
ता. ११ जुलै १९२७

चि. गोदूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. एकूण एक हजर! बारा वर्षं मी इथल्या मुलींच्या शाळेत घसा कोरडा करते आहे, आणि लावणी सुरू झाली की वर्गात उरतात चार पोरी आणि एक मांजर. बाकीच्या आयांबरोबर गुडघाभर चिखलात, नाहीतर घरी धाकट्यांना सांभाळत. आणि तू पंधरवड्यात भरलेला वर्ग मिरवतेस! माझा जळफळाट झाला, लपवून काय करू? मी शिकवलेली मुळाक्षरं गिरवून तू पुण्याला गेलीस, हे तरी त्या तुळशीला सांगितलंस का?

कोकिळा मजेत आहे. मला आई म्हणते. आत्या म्हण म्हणून शिकवते, पण तिच्या तोंडात बसत नाही. तू सुट्टीत यायचीस तेव्हा तुला 'पुण्याची काकू' म्हणायची ना, आता 'दर्याची काकू' म्हणते. मला हसू आलं. तुला येईल की नाही, ठाऊक नाही.

दिवाळीचं दिवाळीला बघू. या दिवसांत मुलाला पाण्यावरून नेण्याच्या गोष्टी नकोत.

वेणू

---

कातळदांडा
ता. १४ सप्टेंबर १९२७

तीर्थस्वरूप वन्संना नमस्कार.

आता तुम्ही पोटभर हसा. नारळीपौर्णिमेला दर्यात नारळ पडला आणि माझी शाळा त्याच्यामागोमाग गेली. खोलीत मी आणि फळा.

मी हुरळले ती हंगाम न ओळखता. पावसात होड्या किनाऱ्यावर, गडी घरात, बायका घरात, म्हणून पोरी मोकळ्या होत्या. आता गडी दर्यावर आणि बायका टोपल्या घेऊन पहाटेच रेवदंड्याच्या बाजाराला. पोरींना शोधत किनाऱ्यावर गेले. बोंबील वाळत घालायचे बांबूचे मांडव असतात, त्यांच्याखाली साऱ्या उभ्या. एका हातात कावळे हाकायची काठी, कडेवर धाकटं भावंड. माझी तुळशीही तशीच. म्हणाली, "बाई, याला कुठं ठेवू?" याला म्हणजे सदूला, अजून वर्षाचा नाही.

मी म्हटलं, घेऊन ये. सगळ्यांनाच म्हटलं. दुसऱ्या दिवशी वर्गात इतकी रडारड झाली की बेचा पाढा मलाच आठवेना. मग पडवीच्या वाशांना लुगड्याच्या झोळ्या बांधल्या. शेजारच्या म्हाताऱ्या नीराबाईंना झोके द्यायला बसवलं. वाटलं, जिंकले! झोळ्या रिकाम्याच राहिल्या.

तुळशीच्या आईला, सोनाबाईला, विचारलं. तिच्या शब्दावर सारा वाडा चालतो. ती म्हणाली, "झोळ्या बांधल्यास, बरं क्येलंस गो बाय. पन तुजं प्वार कुठं हाय?"

"तळ्याला. माझ्या नणंदेकडे."

"जितं हाय?"

"हो तर. आता सहा वर्षांची होईल."

"मंग सोताचं दुसरीकडं ठेवून आमची कशाला मागतेस? जिचं सोताचं प्वार तितं निजलंय, तिच्याच शेजारी आमी आमचं ठेवतो. इचू आला, उंदीर आला, तर ती आपल्या पोरासाटी धावंल, आन आमचंबी बगंल. तू कुनासाटी धावशील?"

ही त्यांची पिढ्यांची रीत आहे. आणि जिला असं शेजार मिळत नाही ती अफूची गोळी देते. करंगळीच्या नखावर मावेल एवढी. पोर संध्याकाळपर्यंत निजतं. सोनाबाईनं ती मला सहज दाखवली, मीठ दाखवावं तशी.

वन्सं, दिवाळीपर्यंत थांबवत नाही. कोकिळेला आत्ताच पाठवा. काळूराम तांडेल मचवा घेऊन मांदाडच्या बंदराला येतो, भला माणूस आहे. तिचं अंथरूण झोळ्यांशेजारी घातलं की बाकीची पोरं येतील.

गोदू

---

तळा
ता. २८ सप्टेंबर १९२७

गं. भा. गोदावरीबाई यांस,

पत्र पावलं. वाडा वश करायला गळाला आमिष हवं आहे आणि ते आमिष म्हणून माझी पोर हवी आहे, असा मजकूर समजला. पोरीची आठवण येते, तिच्यावाचून करमत नाही, असं एक वाक्य शोधलं. दोनदा वाचून सापडलं नाही.

तिला गोवर आला तेव्हा तिच्या उशाशी कोण बसलं होतं, हे विचारणार नव्हते. विचारलंच बघ. तुझी तेव्हा परीक्षा होती. पहिली आलीस, पेढे वाटलेस. मी तेव्हाही कौतुकच केलं. माझा भाऊ गेला, त्याचं माझ्याजवळ एवढंच उरलं आहे, आणि ते तू पडवीत अंथरणार?

अफूचं म्हणशील, तर कोळणींना नावं ठेवू नकोस. आपल्या दत्तूला, तुझ्या धाकट्या दिराला, तान्हा असताना आईनं दिलीच होती. तिला घरभराचं दळण असायचं.

कोकिळेला मी विचारलं, दर्याच्या काकूकडे जायचं का? तिनं विचारलं, "तू येतेस?" मी नाही म्हटलं. "मग नको," म्हणाली. मी काही पढवलं नव्हतं.

वेणूबाई

---

कातळदांडा
ता. १० ऑक्टोबर १९२७

वन्सं,

गंगाभागीरथी आपण दोघीही आहोत. ते पत्राच्या माथ्यावर लिहून टोचायचं कारण नव्हतं.

परवा तुळशी किनाऱ्यावरून धावत आली. "बाई, सदू हालत न्हाय." सोनाबाई बाजारात. गोळी जरा मोठी पडली होती. पोर हातात घेतलं तर ओल्या फडक्यागत लोंबत होतं. नीराबाईंनी तळव्यांवर चापट्या मारल्या, मी तोंडावर पाणी मारलं. रेवदंड्याहून डॉक्टर आले, त्यांनी औषध दिलं आणि बजावलं, निजू देऊ नका, निजला तर गेला. मग मी त्याला खांद्यावर घेऊन वाळूत येरझाऱ्या घातल्या. ऊन उतरेपर्यंत. हाका मारत, हलवत, चिमटे काढत. शेवटी तो रडला. असा रडला की शेजारच्या होड्यांवर ऐकू गेलं. सोनाबाई आली आणि तिनं पोर पदराखाली घेतलं.

त्या वेळी माझ्या मनात काय चाललं होतं, सांगू? आभाळ, देव, काही नाही. मनात येत होतं, की कोकिळेला गोवर आला तेव्हा वन्संनी अशाच येरझाऱ्या घातल्या असतील. तिनं डोळे उघडले तेव्हा तिला त्यांचं तोंड दिसलं असेल. आणि मी कोळणीचं पोर खांद्यावर घेऊन तुमचा हेवा करत होते. माझ्या पोरीचं दुखणंसुद्धा तुमच्या वाट्याला गेलं, म्हणून हेवा! पेढे वाटले ते मला आजही गोड लागत नाहीत.

ते वाक्य पत्रात सापडलं नाही म्हणता. कसं सापडेल? मला तिच्यावाचून करमत नाही हे मी लिहिलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, मग गेलीस कशाला? म्हणून शाळेचं निमित्त लिहिलं. पण शाळाही खोटी नाही. त्या झोळ्या भरल्या नाहीत तर पुढच्या वेळी सदू वाचणार नाही आणि तुळशी उभ्या जन्मात बाराखडीच्या पुढे जाणार नाही.

भाऊबीजेला मी येते. कोकिळेला घेऊन जाणार आहे. ती माझी आहे.

गोदू

---

तळा
ता. ५ नोव्हेंबर १९२७

चि. गोदूस,

नेलीस. तिनं पडवीचा खांब धरून ठेवला होता, तिची बोटं तू एकेक करून सोडवलीस, ते मी माजघरातून बघितलं. बाहेर आले असते तर तुला नेऊ दिलं नसतं.

बोलणं झालं ते कागदावर असू दे. संक्रांतीला मी येणार. तिला आपण दोघींनी मिळून विचारायचं. ती माझ्याबरोबर येते म्हणाली तर मी आणणार आणि तू पुन्हा खांबावरून बोटं सोडवायची नाहीत. तुझ्याजवळ राहते म्हणाली तर मी एकटी परतेन. शब्द दिला आहेस.

तिचं असं आहे. भात गार लागतो. वेणी घट्ट घातली तर डोकं दुखतं म्हणते, तेव्हा सैल घाल. काळोखाला भिते, कोपऱ्यात दिवा ठेव. सोलकढी पोटाला बाधते. दुपारी निजली नाही तर तिन्हीसांजेला किरकिरते. रागावलीस तर रडत नाही, गप्प बसते, ते वाईट.

घर झाडायला घेतलं की संपतच नाही.

वेणू

---

कातळदांडा
ता. २ डिसेंबर १९२७

तीर्थस्वरूप वन्संना नमस्कार.

आधी चांगलं लिहिते. कोकिळेचं अंथरूण पडवीत झोळ्यांशेजारी घातलं त्याच दिवशी सोनाबाई येऊन उभी राहिली. निजलेल्या कोकिळेकडे बराच वेळ बघितलं, तिच्या केसांवरून हात फिरवला, मग सदूला शेजारच्या झोळीत ठेवून टोपली उचलून निघून गेली. दुसऱ्या दिवशी आणखी चौघी आल्या, आणि आठवड्यात वासे पुरेनात. पोरी परत आल्या. कावळे हाकायला आता म्हातारे बसतात, कुरकुरत का होईना. अफूच्या डब्या आहेत अजून, पण एकेकीची गोळी बंद होते आहे.

शाळाखात्याचे डेपोटीसाहेब तपासणीला आले आणि पडवी बघून लालबुंद झाले. शाळेच्या इमारतीत तान्ही पोरं चालणार नाहीत म्हणाले. सोनाबाई पुढे झाली. "सायब, इमारत तुमची, खोप आमची." वाड्यानं शाळेला लागून असलेली जाळ्यांची खोप रिकामी करून दिली. झोळ्या आता तिथे. कोकिळेचं अंथरूणही तिथेच.

आता दुसरं. ती माझ्याशी पाहुण्यासारखी वागते. "काकू, पाणी घेऊ का?" "काकू, मी बाहेर जाऊ का?" हट्ट नाही, रुसवा नाही. वाढलं तेवढं जेवते आणि ताट उचलून ठेवते. असं शहाणं मूल बघून लोक कौतुक करतात आणि मला ते कौतुक ऐकवत नाही. नीराबाईंच्या मांडीवर मात्र लोळते.

आणि रात्र रात्र निजत नव्हती. दिवा ठेवला, वेणी सैल घातली, भात गार केला. सगळं तुम्ही लिहिलंत तसं. शेवटी एकदा तिनं झोपेत चाचपडत माझा कान शोधला आणि कानाची पाळी दोन बोटांत धरून निजली. ती तुमच्याकडे रोज तशीच निजत असणार. सोलकढीपर्यंत सगळं लिहिलंत. हे लिहायचं राहिलं, की ठेवलंत?

गोदू

---

तळा
ता. १२ डिसेंबर १९२७

चि. गोदूस,

राहिलं नव्हतं.

काकू म्हणते ना अजून? ते वाचून मी दोन घास जास्त जेवले. तू रागावशील, रागाव. तिच्यासाठी खणाचं परकर-पोलकं शिवायला टाकलं आहे. संक्रांतीला येते. मचव्याचं काळूराम तांडेलाला सांगून ठेव, परतीच्या दोन जागाही सांग.

वेणू

---

कातळदांडा
ता. ७ जानेवारी १९२८

तीर्थस्वरूप वन्संना नमस्कार.

काल काय झालं ते लिहिते. तुम्ही येण्याआधी तुम्हांला ठाऊक असावं.

दुपारी शाळा सुटली होती. मी खोपीत सदूला मांडीवर घेऊन पेज भरवत होते. तो आता बाळसं धरू लागला आहे, चमच्याला हात मारतो, हसतो. कोकिळा वाळूतून खेळून आली आणि दारात उभी राहिली. मी म्हटलं, ये, बस. ती आली नाही. बघत राहिली. मग एकदम पुढे आली आणि सदूच्या मांडीला असा कडकडून चिमटा काढला, की वळ उठला. त्यानं खोप डोक्यावर घेतली. मी थक्क! ही कोकिळा? पाणी विचारून पिणारी?

आणि ती त्याच्यावर ओरडायला लागली. "ऊठ! तुझी आई बाजारात गेलीय! ही माझी आहे! ऊठ माझ्या आईच्या मांडीवरून!"

वन्सं, तिला एक चापट मारायला हवी होती. दुसऱ्यांच्या पोरींना मी याहून लहान गोष्टींसाठी बाकावर उभं करते. मी सदूला नीराबाईंच्या हातात दिलं आणि ती त्या जागेवर येऊन बसली, सहा वर्षांची घोडी, पाय जमिनीला लागत होते. रडत होती, मला बुक्क्या मारत होती. "तू सगळ्यांना घेतेस, सगळ्यांना घेतेस," एवढंच. सोनाबाई रिकामी टोपली घेऊन आली तर तिचं पोर रडतंय आणि मी दुसरीला कुरवाळते आहे. मला वाटलं, आता ही झोळी सोडून नेणार. वळ बघितला आणि हसायला लागली. "आता बरं वाटलं गो बाय. मला वाटलेलं, पोरगी भाड्यानं आनलीस की काय!"

मी फार सुखात आहे आणि मला फार भीती वाटते आहे. तुम्ही या. ठरल्याप्रमाणे तिला विचारू. तुम्हांला बघून ती पळत येईल, परकर-पोलकं घालील, कदाचित चल म्हणेल. शब्द दिला आहे, तो मोडणार नाही. मचव्यावर दोन जागा सांगून ठेवल्या आहेत.

तुमची
गोदू

---

तळा
ता. १२ जानेवारी १९२८

चि. गोदूस अनेक आशीर्वाद.

मी येत नाही. दोन्ही जागा सोडून दे.

पेटी भरून ठेवली होती. तिळगूळ केले होते. तुझं पत्र संध्याकाळी आलं, ते वाचून पेटी उघडली आणि सगळं परत फळीवर ठेवलं. परकर-पोलकं आणि तिळगूळ तेवढे टपालानं पाठवते. पोलकं सैलच शिवलं आहे, दोन वर्षं पुरेल. सदूच्या मांडीला खोबरेल लाव, आणि पुन्हा चिमटा काढला तर मात्र रागव. तुझ्या आनंदापायी दुसऱ्याचं पोर काळंनिळं नको.

तुझी झोळ्यांची युक्ती मी इथे चोरणार आहे. लावणीच्या दिवसांत शाळेच्या पडवीत बांधणार, आणि माझ्याच डोक्यातून निघाली म्हणून सांगणार. डेपोटी विचारायला आले तर तुझं नाव घेणार नाही. एवढं तरी माझं असू दे.

आता राग आवरून खरं लिहिते. परवापर्यंत मला खात्री होती, ती माझ्याबरोबर येणार. आजही वाटतं, समोर उभी राहिले तर येईल. म्हणूनच येत नाही. तिला विचारूच नकोस. सहा वर्षांच्या पोरीनं आपल्या दोघींच्या मधे उभं राहून काय सांगायचं?

तुझा हेवा वाटतो, गोदू. शाळेचा वाटला होता, तो काहीच नव्हता. हा जेवू देत नाही. बारा वर्षं माझ्या मांडीवर शाळेतल्या साऱ्या पोरी बसल्या. तापलेल्या, रडणाऱ्या, आया शेतात गेलेल्या. गेली तीन वर्षं कोकिळा शेजारी उभी असायची आणि स्वतःहून सरकून त्यांना जागा द्यायची. कधी कुणाला चिमटा काढला नाही, कधी कुणाला ऊठ म्हणाली नाही.

मला वाटायचं, पोर गुणाची आहे.

तुझी
वेणू